मत्स्यारोग्य : खानदेशातील तळ्यांच्या निमित्ताने

भारताच्या कायद्यांच्या दप्तरात १८९७ सालचा तिसरा आणि चौथा असे दोन कायदे एकाच तारखेचे, ४ फेब्रुवारीचे, लागोपाठ नोंदलेले आढळतात. त्यांपैकी तिसरा, आदल्या साली मुंबईत उद्भवलेल्या ग्रंथिक सन्निपाताने सरकारची झोप उडवल्यामुळे तातडीने संमत झालेला साथीच्या रोगांचा कायदा; आणि चौथा, नदीनाल्यांत सुरुंगाची दारू उडवून अथवा विष कालवून मासे मारणाऱ्यांना शासन करणारा आणि जाळ्याच्या आसाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देणारा मत्स्यव्यवसायाचा कायदा. दप्तरात शेजारी बसलेल्या या दोघांची एकमेकांशी ओळख मात्र कधी झाली नाही. मासाही आजारी पडतो आणि त्याच्या आजाराचीही साथ येते, ही कल्पना दोहोंच्या एकाही कलमाला शिवलेली नाही. पाण्यातील प्राण्यांच्या रोगांवर देशभर नजर ठेवण्याची पद्धतशीर योजना लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या सूत्रचालनाखाली सुरू झाली ती २०१३ साली, म्हणजे त्या कायद्यांनंतर एकशे सोळा वर्षांनी.

यात कायदेकर्त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी मासा हा पाळण्याचा प्राणी नव्हता, निदान खानदेशात तरी नव्हता. तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर, बोरी या नद्यांच्या डोहांत तो आपला आपण वाढे आणि भोई, भिल्ल, टोकरे कोळी यांच्या जाळ्यांत जितका सापडेल तितका आठवड्याच्या बाजारात येई. वाहत्या नदीतला दुखणाईत मासा बगळ्याच्या अगर मरळीच्या तोंडी पडून नाहीसा होतो, आणि त्याच्या अंगावरचे जंतू पुढच्या पुराबरोबर विखरून जातात. रोगाला साथीचे स्वरूप येण्यासाठी जी दाटी लागते ती त्या जीवनक्रमात क्वचितच उत्पन्न होई. ती दाटी पुढे आपण निर्माण केली. नांदगावच्या हद्दीत बांधलेले पण जळगाव जिल्ह्याची शेती भिजवणारे गिरणा धरण, भुसावळजवळ तापीवरचे हतनूर, जळगाव शहराची तहान भागवणारे वाघूर, रावेरकडचे सुकी, चाळीसगावचे मन्याड, धुळ्याकडे पांझरेवरचे अक्कलपाडा, अशी स्थिर पाण्याची विस्तीर्ण पात्रे जसजशी तयार होत गेली, तसतसे त्यांत मत्स्यबीज सोडण्याचे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने तलाव देण्याचे धोरण रूढ झाले.

हे बीज प्रथम फार लांबून येई. कृत्रिम प्रजननाची विद्या हस्तगत होण्यापूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचे जिरे बंगालच्या नद्यांतून गोळा करून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांस धाडले जाई. १९५७ च्या जुलैच्या १० तारखेला ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी डॉ. अलिकुन्ही यांच्या साहचर्याने माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन बंदिस्त पाण्यात घडवून आणले, तेव्हा कुठे बीज नदीच्या लहरीतून मुक्त झाले आणि प्रत्येक प्रांताला आपापली मत्स्यबीज केंद्रे उभारता आली. त्यानंतर, अगदी अलीकडे, २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेने शिवारोशिवारी लहानलहान जलाशय खणले गेले. आणि केळीसाठी किंवा कपाशीसाठी साठवलेल्या त्या पाण्यात दोन पैसे अधिक मिळावेत म्हणून मासे सोडणारा एक नवाच मत्स्यपालक उदयास आला, ज्याच्या घराण्यात मासेमारीची परंपरा नाही आणि ज्याला गाईचे दुखणे चेहऱ्यावरून कळते, पण माशाचे दुखणे तो मेल्यावाचून कळत नाही. पुढील प्रकरणे मुख्यत्वेकरून त्याच्यासाठी लिहिली आहेत.

गोठ्यातले जनावर आजारी पडले तर त्याला वेगळे बांधता येते, त्याची गव्हाण निराळी करता येते, औषध नळीने पाजता येते. तळ्यातला मासा मात्र ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात मलमूत्र विसर्जित करतो, त्याच पाण्यातून अन्न उचलतो आणि शेजारच्या रोगट माशाच्या जखमेवरून वाहून आलेले पाणीही त्याच्याच कल्ल्यांतून जाते. यामुळे मत्स्यवैद्यकात रोगी म्हणजे एकटा मासा असू शकत नाही. रोगी म्हणजे सबंध तळे. स्टॅनिस्लास स्निएझ्को या मत्स्यरोगतज्ज्ञाने १९७४ साली यजमान प्राणी, रोगजंतू आणि परिस्थिती अशी तीन वर्तुळे कल्पून, ती तिन्ही जेथे एकमेकांवर येतात तेवढ्याच जागी रोग प्रकट होतो असे प्रतिपादन केले. एरोमोनास जातीचे जिवाणू जवळजवळ प्रत्येक तळ्यात बारमाही असतात. परंतु मासा सशक्त आणि पाणी निर्मळ असेतो ते निरुपद्रवी राहतात, आणि दोहोंपैकी एक बिघडताच तेच जिवाणू माशाच्या उदरात पाणी भरतात, खवले उभे करतात आणि अंगावर रक्ताळ चट्टे उठवतात. माझ्या मते मत्स्यपालकाने रोगजंतूंची लांबलचक नामावली पाठ करण्यापूर्वी तिसऱ्या वर्तुळाचा, म्हणजे परिस्थितीचा, अभ्यास करावा. कारण तिन्हींपैकी तेवढेच रोजच्या रोज त्याच्या हातात असते.

खानदेशची परिस्थिती सांगायची तर प्रथम उन्हाबद्दल लिहावे लागते. मे महिन्यात भुसावळ व जळगाव येथे पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही तेथील माणसांना बातमी वाटत नाही. आता पाण्याचा धर्म असा की, ते जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना ६.९ च्या आसपास. उलट मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने पाणी तापले की त्याचा देहव्यापार जलद होतो आणि प्राणवायूची गरज वाढते; उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा असा हा प्रकार. त्यातच रात्री सूक्ष्म शेवाळ प्राणवायू निर्माण करण्याचे थांबवून स्वतःच तो खाऊ लागते, म्हणून पहाटेची चार ते सहा ही वेळ तळ्याच्या आयुष्यातील सर्वांत बिकट वेळ होय. हिरवेगार दाट पाणी दुपारी पाहून ज्याला समाधान वाटते, त्याने त्याच तळ्यावर पहाटे जाऊन पाहावे: मासे काठाशी येऊन, तोंडे पृष्ठभागावर काढून हवा गिळत असतात. कित्येक ठिकाणी हे दृश्य महिनोगणती कोणाच्या दृष्टीसच पडत नाही, आणि मग एके सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला की ‘रोग आला’ अशी बोंब होते.

शेततळ्याची अडचण याहून निराळी आहे. ते मूलतः पिकाच्या सिंचनासाठी असते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये, ऊन जेव्हा ऐन भरात असते तेव्हाच, त्यातले पाणी केळीच्या बागेकडे वळते आणि उरलेल्या कमरेइतक्या पाण्यात सबंध हंगामाचे मासे कोंडले जातात. शिवाय तळाला प्लास्टिकचे अस्तर असल्याने काळ्या मातीतील गाळात राहून घाण पचवणारी सूक्ष्म सृष्टी तेथे फारशी जोम धरत नाही. विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कोपऱ्यात साचून अमोनिया तयार होतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो, आणि त्यांपैकी माशाला मारक असलेल्या रूपाचे प्रमाण पाण्याच्या सामूवर व उष्णतेवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा शंभरावा हिस्साही विषारी नसतो. सामू ८ झाला की शेकडा पाचांहून थोडा अधिक विषारी ठरतो. आणि सामू ९ झाला, तापमान ३० वर गेले, की जवळजवळ निम्मा. दाट शेवाळाच्या तळ्यात भर दुपारी सामू ९ पर्यंत चढणे मुळीच दुर्मिळ नाही. सकाळी निरुपद्रवी असलेले पाणी त्याच दिवशी दुपारी कल्ले जाळू शकते ते असे. अशा वेळी इलाज साधाच असतो, पण तो मनाला पटत नाही: खाद्य बंद करावे, ताजे पाणी घ्यावे, एअरेटर चालवावा. उपाशी मासा आठवडाभरात मरत नाही, पण वाढ खुंटेल या धास्तीने पालक खाद्याचा टोपला खाली ठेवायला तयार होत नाही.

मेलेल्या माशांपुढे उभे राहून, हा रोग की आणखी काही, हे ओळखण्याची हातोटी या विषयात फार मोलाची आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. प्राणवायू संपून मृत्यू आला असेल तर तो बहुधा एका रात्रीत येतो आणि मोठे मासे आधी मरतात, कारण त्यांची गरज मोठी. विषाने मृत्यू आला असेल तर तोही झपाट्याने येतो, परंतु लहान मासे आधी जातात, आणि त्यांच्याबरोबर बेडकांची पिले व पाण्यातले किडेही. संसर्गजन्य रोग मात्र पहिल्या दिवशी दोनचार, दुसऱ्या दिवशी दहापंधरा असा पायरीपायरीने चढतो आणि बहुधा एकाच जातीला धरतो: रोहू मरतो आणि त्याच पाण्यातला सायप्रिनस खुशाल पोहत असतो. विषाचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. खानदेश हा कपाशीचा मुलूख आहे; कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांची लिटरमागे काही सहस्रांश मिलिग्रॅम इतकी मात्राही अनेक जातींच्या माशांना प्राणघातक ठरते. जूनजुलैच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर शेतातला निचरा नाल्यात आणि नाल्यातून तळ्यात उतरतो, किंवा फवारणीचा पंप तळ्याच्या काठीच धुतला जातो, आणि मग जंतुनाशकाच्या बाटल्या आणून तळ्यात ओतण्याचा खर्च पदरी पडतो, जो सर्वस्वी वाया जातो. तळ्याच्या वरच्या अंगाने चर खणून शिवाराचे पाणी वळवून देणे हे अशा वेळी कोणत्याही औषधाहून अधिक गुणकारी आहे.

हिवाळ्याचे संकट वेगळे. १९७१ साली जपानात आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आढळलेला, आग्नेय आशियातून सरकत सरकत १९८८ मध्ये भारताच्या ईशान्य भागात शिरलेला आणि थोड्याच वर्षांत देशभर पसरलेला व्रणरोग हा या शतकाच्या मत्स्यपालकाला वारशाने मिळालेला सर्वांत कुप्रसिद्ध रोग होय. ॲफॅनोमायसेस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवाचे तंतू कातडीतून स्नायूंत उतरतात आणि माशाच्या अंगावर खोल लाल व्रण पडतात. मरळ आणि मृगळ त्याला लवकर बळी पडतात, सायप्रिनस व तिलापिया सहसा पडत नाहीत. जोराच्या पावसानंतर पाणी थंड झाले, त्यातला चुन्याचा अंश घटला, की त्याचे फावते. खानदेशच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीतले पाणी क्षारधर्मी असते, ही या बाबतीत एक अनुकूल गोष्ट म्हटली पाहिजे. तथापि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची थंडी दहा अंशांखाली उतरते आणि थंडीने माशाची प्रतिकारशक्ती निजलेली असते, हेही खरे. म्हणून दिवाळीच्या सुमारास पाण्याची परीक्षा करून गरजेप्रमाणे चुना देण्याचा प्रघात सोडू नये. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर ‘सिफॅक्स’ हे द्रावण तयार केले, आणि एक हेक्टर क्षेत्राच्या एक मीटर खोल पाण्यास एक लिटर या प्रमाणात ते वापरले जाते. माशांच्या उवा, म्हणजे आर्ग्युलस, हा तळ्यांतला दुसरा नित्याचा उपद्रव. त्यांची अंडी कठीण पृष्ठभागावर चिकटतात, म्हणून बांबूच्या चटया पाण्यात सोडून, अंड्यांसकट बाहेर काढून उन्हात वाळवण्याची युक्ती सांगितली जाते. खानदेशात उन्हाचा तुटवडा नसल्याने ती येथे बिनखर्ची ठरावी.

आतापर्यंत पाण्याविषयी लिहिले. पण ज्या रोगांवर पाणी कितीही निर्मळ राखले तरी उपाय चालत नाही, ते विषाणूंचे रोग बीजाबरोबर येतात. रावेर, यावल, चोपड्याच्या केळी उत्पादकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कुकुंबर मोझॅक, ज्याला तो हरण्या म्हणतो, केळीत शिरला की त्यावर फवारण्याजोगे औषध नाही, रोगट झाड उपटून नष्ट करणे आणि पुढच्या लागवडीस विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित रोप आणणे एवढेच हाती राहते, हे त्याने आपल्या बागेत अनुभवले आहे. आश्चर्य याचे की तोच शेतकरी रोपाच्या बाबतीत रोपवाटिकेचा दाखला मागतो आणि मत्स्यबीज मात्र रस्त्यावर उभ्या राहिलेल्या टेंपोतल्या पिशवीतून, कोठल्या केंद्राचे, कोणत्या मादीचे याची चौकशी न करता विकत घेतो.

या तत्त्वाचा इतिहास मत्स्यशास्त्राहून जुना आहे. १८६५ साली फ्रान्समधील रेशीमउद्योग पेब्रीन नावाच्या रोगाने डबघाईस आला असता लुई पाश्चरने औषधाचा शोध न घेता एक निराळीच तजवीज केली: अंडी घातल्यावर मादी पतंगाला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची सर्व अंडी जाळावीत. आज कोळंबीच्या तळ्यांत वाढ खुंटवणारा आणि म्हणूनच पालकाला कर्जात लोटणारा जो एंटेरोसायटोझून नावाचा परजीवी, ज्याचे नामकरण २००९ साली थायलंडमध्ये झाले, तो याच पेब्रीनच्या कुळातला आहे, आणि त्यावर आजही पाश्चरचाच उपाय चालतो: प्रजननाच्या मादीची तपासणी. फक्त सूक्ष्मदर्शकाच्या जागी पीसीआर आले.

कोळंबीचा विषय खानदेशाच्या वाचकाला दूरचा वाटेल. सुकट आणि सोडे यापलीकडे समुद्र त्याच्या घरात शिरलेला नाही. परंतु भारतीय मत्स्यपालकाने रोगाविषयी जे काही कडू धडे घेतले ते कोळंबीने दिले. १९९४ साली पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू पूर्व किनाऱ्यावरील वाघी कोळंबीच्या तळ्यांत शिरला आणि काही दिवसांत तळीच्या तळी रिकामी करीत गेला. त्याच सुमारास किनारपट्टीवरील तळ्यांविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालून डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला, २००५ साली तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा आला, आणि २००९ साली जेव्हा अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडची व्हॅनामी कोळंबी देशात आणण्यास परवानगी मिळाली, तेव्हा ती विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त अशाच जनकांची असावी आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातूनच जावी अशी अट घातली गेली. ज्या व्यवसायाने पहिल्या खेपेस कोणतेही बीज आंधळेपणाने घेतले होते त्याने दुसऱ्या खेपेस बीजाला दरवाजावर थांबवले. गोड्या पाण्यात आपल्याकडेही वाढवता येणाऱ्या जंबो कोळंबीची पिले आपल्या बाल्यावस्थेत मचूळ पाण्यातच जगतात, त्यामुळे तिचे बीज खानदेशात नेहमीच किनाऱ्यावरून येणार. आणि तिच्या पिलांच्या शेपट्या पांढऱ्या पडून ती काही दिवसांत मरतात त्या रोगाचा विषाणू मोठी कोळंबी स्वतः धडधाकट राहून बाळगू शकते. तिलापियाचेही तेच. तिलापिया तळ्याच्या विषाणूचा शोध इस्रायलमध्ये २०१४ साली लागला आणि भारतात त्याची नोंद २०१८ मध्ये झाली. वरकरणी तेजस्वी दिसणारी पिले म्हणजे निरोगी पिले, हा समज सोडून द्यावा लागेल.

औषधांबद्दल या प्रस्तावनेत मी थोडेच लिहितो, कारण बाजारात त्यांच्याबद्दल फार बोलले जाते. पोटॅशियम परमँगनेट, मीठ आणि चुना या तीन वस्तू ज्याच्याजवळ आहेत आणि ज्याला त्यांचे वजन करता येते, त्याच्या पुष्कळशा गरजा भागतात. नव्या बोटुकलीला तळ्यात सोडण्यापूर्वी शेकडा तीन मिठाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढणे हा तर इतका स्वस्त उपाय आहे की त्याची टाळाटाळ समजत नाही. प्रतिजैविके मात्र दुकानदाराच्या सल्ल्याने खाद्यात कालवू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांचा खाद्यप्राण्यांत वापर निषिद्ध आहे. विषाणूवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. आणि अर्धवट मात्रेने मेले नाहीत ते जिवाणू पुढे त्याच तळ्यात, त्याच औषधाला न जुमानता, राहावयास येतात. बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आश्वासनांपेक्षा तीत काय द्रव्य आहे, हे बारीक अक्षरांत छापलेले असते ते आधी वाचावे.

शेवटी दप्तराची गोष्ट. मोठ्या कागदाची आवश्यकता नाही. एका वहीत तारीख, पहाटेचे पाण्याचे तापमान, सामू, दिलेले खाद्य, मेलेल्या माशांची जातवार संख्या आणि बीज कोठून, कोणत्या खेपेस आले, एवढ्या बाबी रोज रुजू होत गेल्या की तज्ज्ञाला निदानाचे अर्धे काम वहीतच झालेले सापडते. तज्ज्ञ मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत असो वा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात, जळगाव-धुळ्याहून ते दोन्ही रात्रभराच्या प्रवासावर आहेत, आणि कालपासून पाण्यावर तरंगणारा मासा तेथे पोहोचेपर्यंत कुजून निरुपयोगी होतो. म्हणून नमुना घ्यावा तो मरणोन्मुख पण अजून जिवंत असलेल्या माशाचा. शक्य असल्यास प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंतच न्यावा. नाहीतर दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवावा, गोठवू नये. विषाणूचा संशय असेल तर कल्ले, यकृत व मूत्रपिंडाचे लहान तुकडे तीव्र इथेनॉलमध्ये वेगळ्या बाटलीत घ्यावेत, आणि त्याच तळ्याचे एक लिटर पाणी व वहीतील मागील पंधरा दिवसांच्या पानांची नक्कल सोबत द्यावी.